माशातले पार्व्हाल्ब्युमिन मटणात, चिकनमध्ये आणि आपल्या शरीरातही असते का?

प्रश्न : आमच्याकडे उजनीचे रोहू आणि सायप्रिनस नेहमी येतात. दोनदा मासे खाल्ल्यावर मुलाच्या अंगावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी 'पार्व्हाल्ब्युमिन' या कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे नाव सांगून मासे बंद करायला लावले. हे प्रथिन माशांतच असते का? मटण-चिकन चालेल का?
– एक गृहिणी, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : हे प्रथिन माशांपुरते नाही, मात्र सर्वांत मुबलक ते माशांच्या आणि बेडकांच्या स्नायूंत आढळते. योगायोग असा की, ज्या पार्व्हाल्ब्युमिनची त्रिमितीय रचना 1973 साली क्रेट्सिंगर आणि नॉकोल्ड्स यांनी प्रसिद्ध केली, ते कार्प माशाच्या स्नायूंतले होते, आणि आपण लिहिलेला सायप्रिनस म्हणजे कार्पच. सुमारे 108 अमिनो आम्लांचा हा लहानसा रेणू कॅल्शियमचे दोन आयन धरून ठेवतो.

स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटते, आणि तो पुन्हा सैल पडायचा तर ते तितक्याच लवकर आवरावे लागते. पेशीतले पंप हे काम करतात, परंतु त्यांना थोडा वेळ लागतो. तोवर मोकळे कॅल्शियम पार्व्हाल्ब्युमिन आपल्याजवळ ठेवून घेते. त्यामुळे ते झटपट हालणाऱ्या स्नायूंत भरपूर, संथ स्नायूंत थोडे आणि हृदयाच्या स्नायूंत जवळजवळ नसतेच. रोहूचा तुकडा कापल्यावर कातडीखाली जो लालसर-काळपट पट्टा दिसतो, तो सावकाश पोहण्याचा स्नायू असून त्यात पार्व्हाल्ब्युमिन कमी असते. बाकीच्या पांढऱ्या मांसात ते जास्त असते. ट्यूना आणि स्वोर्डफिश यांच्या मांसात त्याचे प्रमाण बरेच कमी असते. उलट टोडफिश हा मासा वाताशयाभोवतीच्या ज्या स्नायूंनी गुणगुणल्यासारखा आवाज काढतो, त्यांत ते कमालीचे असते.

सस्तन प्राण्यांत उंदराच्या वेगवान स्नायूंत ते पुष्कळ आढळते, पण शरीर जसे मोठे तसे ते साधारणपणे घटत जाते आणि माणसाच्या नेहमीच्या स्नायूतंतूंत जवळपास सापडत नाही. आपल्याकडे त्याचे खरे ठिकाण मेंदू आहे : अतिशय जलद संदेश सोडणाऱ्या काही चेतापेशींत आणि लहान मेंदूच्या पुर्किंये पेशींत ते असते. मूत्रपिंडाच्या नलिकांच्या एका भागातही ते आढळते. स्नायूंचे स्पष्टीकरण तिथे जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण नलिकेच्या पेशींना आकुंचन पावायचे नसते. याच कुळातले दुसरे प्रथिन, ऑन्कोमोड्युलिन, कानाच्या शंखातील बाहेरच्या केशपेशींत असते. कोंबडीच्या तर थायमस ग्रंथीतही या कुळातले एक प्रथिन आढळते.

मग आपल्याच शरीरातले प्रथिन मुलाला का बाधत नाही? या कुळाच्या अल्फा आणि बीटा अशा दोन शाखा आहेत. माशांची अ‍ॅलर्जी प्रामुख्याने बीटा शाखेमुळे होते, तर आपल्या मेंदूतले प्रथिन अल्फा शाखेतले आणि माशांपेक्षा पुरेसे वेगळे आहे.

मटणाबाबत या प्रथिनामुळे सहसा अडचण येत नाही. माशांची अ‍ॅलर्जी असलेल्या काही थोड्या रुग्णांना मात्र चिकनही सोसत नाही, म्हणून चिकन आधी निर्धास्त खाल्ले असेल तर ठीक; नसेल तर अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना विचारूनच द्यावे. कोळंबीची गोष्ट वेगळी आहे, तिथे मुख्य दोषी ट्रोपोमायोसिन हे निराळेच प्रथिन असते.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगतो. पार्व्हाल्ब्युमिन उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे मासा कुरकुरीत तळला किंवा रस्सा तासभर उकळला तरी धोका टळत नाही. ज्या तेलात मासे तळले, त्याच तेलात मुलासाठी भजी तळू नयेत. मासे शिजताना उठणाऱ्या वाफेनेही काहींना त्रास होतो, तेव्हा घरातील इतरांसाठी मासे करायचे झाल्यास मुलाला त्या वेळी स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.