मरायचंच नसेल तर कुळागर कोणाच्या नावे?

प्रश्न : मी ६१ वर्षांचा. गोव्यात सावईवेरे इथं आमचं छोटं कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, आहे. मुलगा रोज मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो, म्हणे वीस-तीस वर्षांत माणूस अमर होणार, तोवर कसंबसं टिकून राहा. हे खरं का? आणि खरं असेल तर कुळागर त्याच्या नावे करायची घाई करू का नको? (कागदावर अजून माझ्या आजोबांचंच नाव आहे.)
– एक वाचक, सावईवेरे

उत्तर : कंसातलं वाक्य तुम्ही जाताजाता लिहिलंत, पण गोम तिथंच आहे. आधी व्हिडिओचं बघू.

वयाचे पक्के कागद असलेल्यांत सगळ्यात जास्त जगली ती फ्रान्सची जान काल्माँ, १२२ वर्षं १६४ दिवस. ती गेली १९९७ ला, त्यानंतर औषधं आली, मशिनं आली, पण तिचा रेकॉर्ड काही कोणी मोडला नाही. आपलं सरासरी आयुष्य वाढलं ते मुख्यतः लहान मुलं मरायची थांबली म्हणून, वरचं टोक फारसं हललेलं नाही. तिशीनंतर मरायची शक्यता साधारण दर आठ वर्षांनी डबल होत जाते, हा हिशेब गोम्पर्ट्झ नावाच्या इंग्रजाने १८२५ मध्येच मांडला होता आणि तो अजून बऱ्यापैकी जुळतो.

मग व्हिडिओवाले बोलतात ते सगळंच थापा का, तर नाही. जपानच्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या पेशीत चार जीन घालून वाढ झालेली पेशी परत गर्भातल्यासारखी करून दाखवली, त्याला २०१२ चं नोबेल मिळालं. पण पेशीचं वय मागे न्यायला गेलं की ती भलतीकडे सुटायची भीती, म्हणजे ट्यूमर. साधी पेशी पन्नासेक वेळा विभागते आणि थांबते, हे हेफ्लिकने १९६१ मध्ये दाखवलं. माणसाच्या न थांबणाऱ्या पेशी लॅबमध्ये १९५१ पासून आहेत, त्यांना हेला म्हणतात, पण त्या आहेत कॅन्सरच्या, आणि ज्या बाईच्या होत्या ती बिचारी त्याच वर्षी गेली. पेशी अमर, माणूस नाही.

आणि समजा म्हातारपण गेलंच, तरी म्हापसा-पणजी रोडवरचा ट्रक जात नाही! धरून चला की वर्षाला हजारात एकजण अपघाताने, सापाने, पोफळीवरून पडून असा मरतो, तर निम्मे लोक सातशे वर्षांच्या आत संपलेले असतील. त्यामुळे अमर हा शब्दच जरा सांभाळून वापरा. आपल्याकडे सात चिरंजीव सांगतात त्यातला अश्वत्थामा अजून कपाळाच्या जखमेला तेल मागत फिरतो म्हणतात. मरण नाही आणि तब्येतही नाही, याच्याइतका वाईट सौदा दुसरा नसेल. दुसरा चिरंजीव परशुराम, त्याने बाण मारून समुद्र हटवला तेव्हा गोवा वर आला, म्हणजे मूळ मालक हयात आहे आणि उद्या येऊन जमीन मागितली तर काय घ्या.

आता तुमचं कुळागर. गोव्यात माणूस अमर करायला लॅब लागत नाही, फॉर्म एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, पुरतो. आजोबा जाऊन किती वर्षं झाली तुम्हालाच ठाऊक, उताऱ्यावर मात्र ते ठणठणीत आहेत आणि सुपारी तुम्ही काढता. मधे बाबा, काका, आत्या, त्यांची मुलं, त्यातली कोणी पोर्तुगालात, कोणी पुण्यात, सगळ्यांचा थोडाथोडा हिस्सा त्यात अडकलेला असणार. वारसा उघडतो तो मृत्यूनंतर, गोव्याच्या कायद्याने मुलांना बापाच्या मालमत्तेत किमान निम्म्या हिश्शाचा हक्क मिळतो तोही त्यानंतर. कोणी मेलंच नाही तर ऐंशी वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीचा नातू दोघेही बाप कधी नावे करतो याची वाट बघत राहणार, आणि सोयरीक ठरवायला आलेले लोक वय नाही, उतारा विचारणार. तसं बघितलं तर ते आजही विचारतातच.

तेव्हा अमरत्वाची वाट बघत बसू नका. जे तुमच्या नावावरच नाही ते मुलाच्या नावे कसं करणार? आधी आजोबांना कागदावरून मोकळं करा. वारस कोण ते ठरवायचं डीड ऑफ सक्सेशन स्पेशल नोटरीकडे होतं, वाटणीत अडलं की कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी, आणि वकील बघताना ही कामं रोज करणारा बघा नाहीतर कामच चिरंजीव होतं. त्यानंतर मुलाला काय द्यायचं ते द्या, पण एक लक्षात ठेवा, गोव्यात सहसा जमिनीच्या अशा कागदावर नवराबायको दोघांचीही सही लागते, आणि तुमच्या अख्ख्या पत्रात वहिनींचा कुठे उल्लेखच नाही. त्यांना विचारलंय ना?