कॉन्ट्रास्ट हेही औषधच आहे

इमेजिंग विभागात नव्याने रुजू होणाऱ्या तंत्रज्ञाला कोणकोणत्या औषधांची माहिती हवी, असे आपण विचारले आहे. सुरुवात कॉन्ट्रास्टपासूनच, म्हणजे प्रतिमेत अवयव व रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून दिल्या जाणाऱ्या द्रव्यापासूनच करावी, कारण त्याला दिवसभर ‘डाय’ म्हणण्याची सवय लागली की त्यालाही मात्रा, वर्ज्य परिस्थिती आणि दुष्परिणाम आहेत, याचा विसर पडतो.

सीटी व अँजिओग्राफीसाठी आयोडीनयुक्त, एमआरआयसाठी गॅडोलिनियमयुक्त, तर अन्नमार्गासाठी बेरियम सल्फेट वापरतात; मात्र अन्नमार्गाला छिद्र पडल्याची शंका असल्यास बेरियम टाळतात. आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट देण्यापूर्वी नुसते ‘ॲलर्जी आहे का’ असे न विचारता, पूर्वी अशा इंजेक्शननंतर काय झाले होते, हे विचारावे. कोळंबी सोसत नाही म्हणून आयोडीन चालणार नाही, हा समज चुकीचा आहे. ती ॲलर्जी कोळंबीतल्या प्रथिनांची असते. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीबद्दलही असाच गोंधळ आढळतो. ही गोळी मूत्रपिंडाला इजा करत नाही, पण मूत्रपिंड मंदावले तर ती शरीरात साचून रक्तातील लॅक्टिक आम्ल वाढू शकते. म्हणून ईजीएफआर (मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा) ३० पेक्षा कमी असल्यास किंवा मूत्रपिंडाला नुकतीच इजा झालेली असल्यास कॉन्ट्रास्ट देताना ती थांबवतात आणि ४८ तासांनंतर तपासणी करूनच पुन्हा सुरू करतात. गॅडोलिनियमच्या बाबतीतही मूत्रपिंडाचा अहवाल पाहावाच लागतो.

बाकीची औषधे प्रसंगानुरूप येतात. हृदयाच्या सीटीपूर्वी ठोके मंद करण्यासाठी मेटोप्रोलोल आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावण्यासाठी जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात. सिल्डेनाफिल हे लैंगिक दुर्बलतेवरील औषध घेणाऱ्याला नायट्रोग्लिसरीन चालत नाही, आणि हा प्रश्न नातेवाइकांसमोर विचारला तर खरे उत्तर मिळेलच असे नाही. एमआरआयच्या बंदिस्त यंत्रात घाबरणाऱ्यांना मिडाझोलाम हे गुंगीचे औषध देतात, तेव्हा श्वासावर आणि ऑक्सिजनच्या पातळीवर नजर हवी व त्याचा परिणाम उलटवणारे फ्लुमाझेनिल हाताशी हवे.

सर्वांत महत्त्वाचे औषध मात्र रोज लागत नाही, ते म्हणजे तीव्र ॲलर्जीच्या झटक्यात द्यायचे ॲड्रेनॅलीन. मी नवखा असताना एका रुग्णाला इंजेक्शननंतर दोन शिंका आल्या, तो मान खाजवू लागला, आणि बघता बघता त्याचा आवाज घोगरा झाला. डॉक्टर धावत आले, पण औषधांच्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली जिच्याकडे होती ती परिचारिका दुसऱ्या मजल्यावर होती. रुग्ण बचावला, ती दोन-तीन मिनिटे मात्र अजून आठवतात. अशा वेळी प्रौढाला एका मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम असलेल्या ॲम्प्यूलमधून ०.३ ते ०.५ मिलिलिटर औषध मांडीच्या बाहेरील स्नायूत देतात. शिरेतून देण्याचे द्रावण दहापट पातळ असते, त्यामुळे दोन्ही ॲम्प्यूल एकाच कप्प्यात ठेवणे मला पटत नाही. हायड्रोकॉर्टिसोन या स्टेरॉइडचा परिणाम दिसायला काही तास लागतात, म्हणून ते ॲड्रेनॅलीनची जागा घेऊ शकत नाही.

आता आमच्याकडे या तातडीच्या औषधांचा ट्रे कॉन्ट्रास्ट देणाऱ्या इंजेक्टरशेजारी, कुलपाविना असतो आणि पहिला रुग्ण आत घेण्यापूर्वी ॲम्प्यूलवरची मुदत मोठ्याने वाचून वहीत सही केली जाते.