एकही प्राणी न कापता झूलॉजी नीट शिकता येतं का?

तुम्ही विचारलंय, "बीएस्सीला झूलॉजी घेतलं, पण तीन वर्षांत एक बेडूकसुद्धा कापला नाही. आमचं शिक्षण अर्धवट राहिलं का?"

मी वीसेक वर्षं पदवीला झूलॉजी शिकवते, आणि स्वतः बेडूक कापूनच शिकले. मेणाच्या ट्रेमध्ये क्लोरोफॉर्म दिलेला बेडूक उताणा ठेवायचा, चारी पाय टाचण्यांनी ताणायचे. पोटाच्या मधोमध एक शीर जाते, ती दोऱ्याने दोन ठिकाणी बांधून मधे कापायची. घाईत तुटली की ट्रे लाल, मग काहीच दिसायचं नाही. लॅब असिस्टंट मुकाट्याने दुसरा बेडूक आणून द्यायचे. पहिल्याच प्रॅक्टिकलला माझ्या हातून असे दोन गेले. तिसऱ्याचं हृदय उघड्या छातीत चालू होतं आणि मी त्याकडे बघतही नव्हते. जर्नलमधल्या आकृतीशी शिरा जुळवत होते, कारण मार्क त्यालाच होते. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

म्हणून यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, निर्णय मला मनापासून पटला. २०११ च्या सूचनांनुसार पदवीच्या विद्यार्थ्यांनी विच्छेदन करायचं नव्हतं, शिक्षकांनी एखाद्याच प्रजातीचं करून दाखवायचं होतं. २०१४ मध्ये तेही थांबवायला सांगितलं. खरं तर पुस्तकं, मॉडेल, फिल्म यांनी काम भागत असेल तर शिकवताना प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, हे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातच आहे. आपण पन्नास वर्षं उशीर केला.

पण तुमची तक्रार खोटी नाही. बऱ्याच कॉलेजांत बेडूक गेला आणि त्याच्या जागी नुसता तक्ता आला, फार तर एखादा व्हिडिओ. चूक तिथे झाली. सॉफ्टवेअर वाईट नाही. पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेल्या 'एक्सफार्म'वर औषधशास्त्राचे प्रयोग पडद्यावर हवे तितक्यांदा करता येतात, आणि शिरांची मांडणी शिकायलाही असं सॉफ्टवेअर पुरतं. जिवंत शरीर कसं चालतं हे मात्र प्रत्यक्षच बघायला हवं, आणि त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही.

माझ्या वर्गात आम्ही डबक्यातलं पाणी आणून त्यातला डाफ्निया बघतो. जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, काचेसारखा पारदर्शक जीव. खोलगट स्लाइडवर थेंबभर पाण्यात कापसाचे चार धागे टाकले की तो त्यांत अडकून स्थिर राहतो. पाठीच्या बाजूला हृदय धडधडताना दिसतं, इतकं भरभर की तोंडाने मोजता येत नाही. मग एकाने डोळा आयपीसला लावून प्रत्येक ठोक्याला कागदावर पेनाने ठिपका द्यायचा, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. पाणी थोडं गार केलं की ठिपके विरळ होतात. तापमानाचा ठोक्यांशी संबंध काय, हे मुलं स्वतःच्या ठिपक्यांतून काढतात. गेल्या वर्षी एक मुलगी मधेच ओरडली, "मॅडम, हिच्या पोटात पिल्लं हलताहेत!" पाठीवरच्या पिशवीतली पिल्लं होती ती. तास संपला तरी कुणी उठेना. नंतर ते पाणी आम्ही परत डबक्यात सोडलं.

मासळीवाली खरवडून टाकते ते रोहूचे खवलेही मी मागून आणते. धुऊन मायक्रोस्कोपखाली ठेवले की झाडाच्या खोडासारखी वर्तुळं दिसतात. जिथे ती दाटीने आलीत, तिथे माशाची वाढ मंदावली होती.

तुमच्या लॅबमध्ये एक चालू मायक्रोस्कोप असेल, तर या दोन्ही गोष्टी पुढच्याच प्रॅक्टिकलला करता येतील. सरांना किंवा मॅडमना विचारा, आणि डबक्याचं पाणी तुम्हीच घेऊन जा.