आधी पाणी बघ, औषध नंतर

भाऊ, खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-टाकीत केसाळ शेवाळ माजलं म्हणून ते मारायचं औषध आणायला पळू नकोस. आधी सांग, आटलेल्या पाण्याची भर कशानं घालतोस? आपल्या मराठवाड्यात बोअरच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे शेवाळाचं खतच, बऱ्याचदा भरपूर असतं, आणि पिण्याचा आरओ ते पूर्ण काढत नाही. वर चवीसाठी टीडीएस (विरघळलेले क्षार) मुद्दाम वाढवलेला. आरओच्या पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) जोड, टीडीएस मीटरवर ० दिसू दे. उन्हाळ्यात टाकी रोज उतरते, म्हणजे ही घाण रोज आत!

केसाळ शेवाळ पाणी बदलतानाच उपट, सायफनची नळी बोटांशी धरून, म्हणजे तुकडे पसरत नाहीत. लांब झुपक्यांना शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायीही सहसा तोंड लावत नाहीत. शेवाळाचं दुसरं खत फॉस्फेट, ते टाकीत ०.०३ ते ०.१ पीपीएम बरं. पार शून्यावर नेलंस तर प्रवाळ उपाशी, वर डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर; ते दुखणं शेवाळापेक्षा वाईट. आणि हो, गोठवलेलं खाद्य चाळणीत धुऊनच घाल.