दाढ गेली, आता इम्प्लांट करू का?

प्रश्न: डॉक्टर, खालची दाढ काढून वर्ष होत आलं, एकाच बाजूने चावतो, शुगर आहे. मुलगा म्हणतो इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) करा, बायको म्हणते कशाला पैसे घालवता. काय करू? – एक वाचक, म्हापसा

उत्तर: आधी कुठली दाढ गेलीय ते बघा. अगदी शेवटची असेल आणि सुके बांगडे, चणे नीट चावता येत असतील तर नाही बसवली तरी बहुतेकदा चालतं. पण मधली असेल तर शेजारची दाढ हळूहळू रिकाम्या जागेत कलते, वरची खाली उतरते, फटीत अन्न अडकतं आणि तिथलं हाडही झिजत जातं, म्हणून फार लांबवू नका. ब्रिज, म्हणजे बाजूच्या दातांच्या आधाराने बसवलेला खोटा दात, स्वस्त पडतो, लवकर होतो, पण त्यासाठी बाजूचे दोन चांगले दात घासून बारीक करावे लागतात, ते मला तरी जिवावर येतं. त्यांना आधीच कॅप असतील तर मात्र ब्रिजच बरा. इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू हाडात धरायला साधारण ३ ते ६ महिने जातात. शुगर कंट्रोलमध्ये असेल तर अडत नाही, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ततपासणी) करून घ्या, आणि सिगरेट ओढत असाल तर ती आधी सोडा. बांबोळीच्या गोवा डेंटल कॉलेजात दाखवा, हाड किती उरलंय ते कळल्याशिवाय कुणालाही ॲडव्हान्स देऊ नका.