लांबच्या मैत्रिणीला काय लिहावं

पत्रमैत्रीत नवी आहेस, म्हणून सांगते. सोलापूरची तू आणि आसामातली सत्तरीची आजी, जोडी जमेल का म्हणून घाबरू नकोस. आधी गड्डा जत्रा, शेंगाचटणी लिहिशीलच, लिही की! पण पुढे नापास झालेलं वर्ष, बहिणीशी धरलेला अबोला हेही येऊ दे. तिला ना तुझे नातेवाईक ठाऊक, ना गल्लीतली कुजबुज. ती साधंच विचारेल, "मग बहीण काय म्हणाली?" आणि आपण बहिणीला कधी विचारलंच नाही, हे उत्तर लिहिताना ध्यानात येतं. असलं पोस्टकार्डावर नको, ते कुणीही वाचतं; अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र घे, ते घडी घालून चिकटवता येतं. उत्तर लांबलं तर रुसू नकोस, तिचेही गुडघे दुखत असतील. हिंदी मोडकी, खाडाखोड झालेली? तसंच पाठव.