नारा शहरातील पहिला दिवस

प्रश्न : जपानमधील नारा शहरात पहिल्या दिवशी काय पाहावे? वयस्कर आई-वडील सोबत आहेत.

उत्तर : सकाळी लवकर, गर्दी होण्यापूर्वी तोदाईजी मंदिर गाठावे आणि तेथे घाई मुळीच करू नये. तेथील सुमारे १५ मीटर उंचीच्या कांस्य बुद्धमूर्तीचे नेत्रोन्मीलन, म्हणजे कुंचल्याने मूर्तीचे डोळे रंगवण्याचा विधी, ७५२ साली बोधिसेन या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले. त्याच्या कुंचल्याला बांधलेले लांब दोरे उपस्थितांनी हाती धरले होते, त्यामुळे त्या विधीत सर्वांनाच सहभागी होता आले. ही हकीकत आई-वडिलांना मूर्तीसमोर उभे राहूनच सांगावी. सध्याची वास्तू मात्र १७०९ सालची आहे. बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या हरणांना तेथे विकत मिळणारी खास बिस्किटेच द्यावीत. दुपारी कासुगा मंदिराकडे जाणारी, दोन्ही बाजूंना दगडी दीपस्तंभ असलेली वाट सावकाश चालावी. बाकीची स्थळे दुसऱ्या दिवसासाठी ठेवावीत.